शेवटच्या श्वासाआधीची वाटणी

सेलू तालुक्यातला एक शेतकरी वारला, असं समजू. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. वाडवडिलांकडून आलेली चोवीस एकर काळी जमीन. काही दुधनेच्या कालव्यावर भिजणारी, काही निव्वळ पावसाच्या भरवशाची. मृत्युपत्र नाही. दहावा अजून व्हायचाय, तलाठ्याकडे कुणी फिरकलेलं नाही, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे. तर या घडीला ती जमीन कुणाची?

कुणी म्हणेल, ‘नाव बदलेपर्यंत बापाचीच.’ पण मेलेला माणूस मालक असू शकत नाही. ‘थोरल्याची, आता तोच कर्ता.’ तेही नाही. ‘वाटणी होईपर्यंत कुणाचीच नाही.’ हे तर मुळीच नाही, कारण कायद्याला बिनमालकाचा एक क्षणसुद्धा चालत नाही. श्वास थांबला त्याच क्षणी मालकी हलली, तीही अपूर्णांकांसकट. कुणी अर्ज केला नाही, सही केली नाही, स्टॅम्प आणला नाही. धाकटी मुलगी पुण्यात आहे आणि तिच्यापर्यंत बातमीसुद्धा पोचलेली नाही, तरी तिचा हिस्सा तिचा होऊन बसला!

आता यातला चमत्कार बघा. वारसाहक्क ‘देणारं’ एकही कार्यालय या देशात नाही. तलाठी देत नाही, तहसीलदार देत नाही, न्यायाधीशही देत नाही. त्या एका क्षणी काय घडून गेलं, एवढंच ते सगळे आपापल्या परीने शोधून काढतात. हक्क क्षणात जन्मतो आणि कागद मागून चालत येतो, कधी कधी वीस-तीस वर्षांनी. आईबापांच्या मागे उठणारी बहुतेक भांडणं या दोघांच्या मधल्या अंतरात राहतात.

क्षणाच्याही आधीचा क्षण

पण वाटणी नेमकी कोणत्या क्षणी झाली म्हणायची? त्यासाठी नऊशे वर्षं मागे जावं लागतं, आणि सुदैवाने फार लांब नाही, आपल्याच शेजारी. उमरग्याच्या पलीकडे बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. १०७६ ते ११२६ या काळात तिथे सहाव्या विक्रमादित्याचं राज्य होतं आणि त्याच्या आश्रयाला विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्याने टीका लिहिली, ‘मिताक्षरा’. तिच्यात एक धाडसी सिद्धांत आहे: वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क बापाच्या मरणाने नव्हे, स्वतःच्या जन्माने उभा राहतो. पाळण्यातलं पोर त्या जमिनीत बापाच्या बरोबरीचं!

तिकडे बंगालात जीमूतवाहनाने ‘दायभाग’ लिहून नेमकं उलट सांगितलं: बाप आहे तोवर मुलाला काही नाही. एकाच स्मृतिपरंपरेतून निघालेली ही दोन उत्तरं, आणि पुढची कित्येक शतकं कोट्यवधी घरं त्यांतल्या एकाप्रमाणे चालली. मराठी मुलूख मिताक्षरेचा. सेलूच्या कोर्टात आजही ‘वडिलोपार्जित’ म्हणून वाद घातला जातो, तेव्हा त्या वादाची मुळं कल्याणीच्या त्या पोथीत असतात.

जुन्या नियमाने आपल्या चोवीस एकरांचं काय झालं असतं? हिशेब सोपा आणि कठोर आहे. बाप गेला की उरलेले पुरुष मालक, म्हणून दोन मुलगे बारा-बारा एकरांचे धनी. आईला पोटगी. मुलींना लग्नाचा खर्च आणि माहेरपण.

मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. जी. व्ही. देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात आणलेल्या १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या हिश्शात, मर्यादित स्वरूपाचा का होईना, पाय ठेवायला जागा दिली. पण तो कायदा इंग्रजी मुलखाचा. सेलू निजामाच्या राज्यात होतं आणि तिथे तो आपोआप लागू होत नव्हता. पुढे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलींच्या हक्काचा आग्रह धरला. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या बिलाचा एक तुकडा १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा म्हणून अमलात आला. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही तो लागू आहे. त्यानंतर साडेचार महिन्यांनी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला.

या कायद्याच्या सहाव्या कलमात एक अफलातून कल्पना होती. मिताक्षरा पूर्ण मोडायची नव्हती आणि मुलींना रिकाम्या हाती पाठवायचंही नव्हतं. मग कायदा म्हणाला: बाप मरण्याच्या अगदी आधीच्या क्षणी घरात वाटणी झाली, अशी कल्पना करा. तिच्यात बापाला जो हिस्सा मिळाला असता, तेवढाच त्याच्या वारसांत वाटा. क्रिकेटमध्ये तिसरा पंच चित्रफीत मागे नेऊन एका चौकटीवर थांबवतो, तसा कायदा काळ मागे नेतो आणि शेवटच्या श्वासाच्या आधी थांबवतो. फरक एवढाच, की त्या चौकटीत दिसणारी वाटणी कधी झालेलीच नसते!

सांगलीचे सात चोविसांश

न झालेल्या वाटणीचे परिणाम किती खरे मानायचे? हा प्रश्न देशासाठी सोडवला गेला तो सांगलीच्या एका दाव्यातून. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हे नाव आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. पती १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली, म्हणजे नेमकं आपलंच उदाहरण. पत्नीने सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि मागितले चोवीसपैकी सात भाग.

हा विचित्र अपूर्णांक आला कुठून? कल्पनेतल्या वाटणीत बाप, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से पडतात, प्रत्येकी सहा एकर. बाप आणि मुलांत वाटणी झाली की आईलाही एक हिस्सा द्यायचा, हा आपल्याकडचा जुना नियम. मुलींना या पायरीवर काही नाही. आता बापाचे सहा एकर सहा वारसांत: आई, दोन मुलगे, तीन मुली, प्रत्येकी एक. बेरीज करा. आईचे सहा अधिक एक, सात. प्रत्येक मुलाचे सात. प्रत्येक मुलीचा एक. सात त्रिक एकवीस आणि तीन, चोवीस. गुंठाभरही शिल्लक नाही.

खालच्या कोर्टाने आईला फक्त चोविसावा भाग दिला. कल्पनेतली वाटणी बापाचा हिस्सा मोजण्यापुरती, तिच्यातून आईला प्रत्यक्ष सहा एकर कसे द्यायचे? उच्च न्यायालयाने सात भाग दिले आणि १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्का मारला. त्यांच्या युक्तिवादाचं सार असं: एकदा कल्पना केली की तिच्यातून जे जे निघतं ते सगळं खरं धरायचं, अर्ध्या वाटेवर कल्पना सोडून द्यायची नाही. एका कधीही न झालेल्या वाटणीने आईला एकाचे सात एकर मिळवून दिले!

एकापासून चारपर्यंत

मुलीचा मात्र एकच एकर राहिला. महाराष्ट्राने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. २२ जून १९९४ पासून राज्याच्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार झाली, पण त्या तारखेला तिचं लग्न झालेलं नसेल तरच. एकाच घरातल्या दोन बहिणी बघा. एकीचं लग्न त्याच मे महिन्यात लागलेलं, दुसरीचं दिवाळीनंतर ठरलेलं. पहिली बाहेर, दुसरी आत. पंचांगातल्या एका मुहूर्ताने कित्येक एकरांचा फरक पडावा, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. मग वाद उठला, की त्या तारखेला बाप हयात असायला हवा का? सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगवेगळ्या निकालांत मेळ बसेना. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं: नको. हक्क जन्माचा आहे, तर बापाच्या हयातीची अट कशाला? मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या आणि त्याआधीचे वैध व्यवहार मोडत नाहीत.

आता आपला शेतकरी आज वारला असं धरून पुन्हा गणित करू. कल्पनेतल्या वाटणीत बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात हिस्से. बापाचा सातवा भाग पुन्हा सहा जणांत. सातवा भाग अधिक त्याचाच सहावा भाग, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. सहा जण, प्रत्येकी चार एकर!

आणि हीच जमीन बापाने स्वतः कमावलेली असती तर? मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गाचे सहा वारस, पुन्हा प्रत्येकी चार एकर. वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, या एका प्रश्नावर किती साक्षीपुरावे झाले असतील! आणि आज या साध्या कुटुंबात दोन्ही वाटा येऊन पोचतात त्याच आकड्यावर.

हा फरक उरला तो दुसरीकडे. बाप मृत्युपत्र करतो तेव्हा स्वतः कमावलेलं सगळं हव्या त्याला देऊ शकतो, वडिलोपार्जितातलं मात्र फक्त आपल्या हिश्शापुरतं. एक गैरसमजही इथेच फोफावतो, ‘आजोबांची जमीन, म्हणजे नातवाचा जन्मसिद्ध हक्क.’ आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन १९५६ नंतर वारशाने बापाकडे आली, तर ती बापाची स्वतःची धरली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलं आहे. आणि बापाची आई? ती हयात असेल तर तीही पहिल्या वर्गाची वारस. मग बापाच्या भागाचे सहाऐवजी सात वाटे. ओसरीवर माळ ओढत बसलेल्या आजीचा हिस्सा घरातल्या सगळ्यांनी विसरून जावा आणि कायद्याने तेवढा लक्षात ठेवावा!

जन्माआधीचा वारस, मरणाचा क्रम

कायद्याची कल्पनाशक्ती एवढ्यावर थांबत नाही. बाप गेला तेव्हा मूल आईच्या पोटात असेल तर? ते जिवंत जन्मलं की बापाच्या मृत्यूआधीच जन्मलं होतं असं धरायचं. अजून डोळे न उघडलेला जीव दोन्ही भावांच्या रांगेत बसतो.

आणि दोघं एकाच वेळी गेले तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यात एकाच छताखाली झोपलेली घरंच्या घरं गाडली गेली. बाप आधी गेला की मुलगा, कोण सांगणार? पण वारशाला क्रम हवाच. मुलगा क्षणभर जरी बापामागे जगला, तर बापाचा हिस्सा त्याच्याकडे येतो आणि त्याच्याकडून त्याच्या बायकोकडे जातो. अशा वेळी कायदा म्हणतो: उलटं सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेला मागाहून गेला असं धरा. निसर्गाचा नेहमीचा क्रम कायद्याने ढिगाऱ्याखालीही शाबूत ठेवला आहे. आणखी एक दार मात्र त्याने घट्ट लावलं: ज्याने खून केला, त्याला खून झालेल्याचा वारसा नाही.

सेलूतल्याच मुसलमान घरात डोकावलं तर गणित निराळं. तिथे जन्माने हक्क नाही, जे काही आहे ते मरणानंतर. आणि मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशाच्या वर मिळकत देता येत नाही. हाच परिवार घ्या आणि मिळकतीचे चोवीस भाग करा. पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे तीन. उरलेले एकवीस मुलांत, मुलाला मुलीच्या दुप्पट: मुलगे सहा-सहा, मुली तीन-तीन. इथेही बेरीज चोवीस! नातेवाईक वाढले की हे हिशेब भयंकर गुंततात. इतके, की नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने बीजगणिताचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा मोठा भाग मृत्युपत्रं आणि वारसावाटपाच्या उदाहरणांनी भरलेला होता. शाळेत ज्या ‘क्ष’ने आपल्याला छळलं, त्याच्या पूर्वजांनी वारसांचे वाटे मोजून दिले होते.

मेलेला मालक, जिवंत सातबारा

हक्काचं गणित असं लख्ख. मग भांडण कुठे? कागदावर.

गावोगावच्या सातबाऱ्यांवर वर्षानुवर्षांपूर्वी वारलेली माणसं मालक म्हणून नांदत होती. म्हणून महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ पासून राज्यभर मोहीम काढली आणि तिला नाव दिलं ‘जिवंत सातबारा’. बुलढाणा जिल्ह्यात आधी ती राबवून पाहिली होती. मृतांची नावं काढून वारसांची लावायची, एवढंच काम. पण त्यासाठी सरकारला मोहीम काढावी लागली.

ही नोंद कशी होते ते बघण्यासारखं आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि अर्ज ‘ई-हक्क’वर घरबसल्याही करता येतो. तो आधी वारस नोंदवहीत चढतो, गाव नमुना ६-क मध्ये. त्यावरून फेरफार धरला जातो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कुणी लेखी हरकत घेतली तर? इंग्रजांच्या काळापासून विणत आलेल्या या व्यवस्थेत भांडणासाठीही एक स्वतंत्र वही आहे! गाव नमुना ६-अ, विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. हरकत तिच्यात जाते, हरकतीची पोच मिळते, मग मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. तो पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील.

म्हणजे बहिणीला न कळवता भावांनी ‘वारस दोनच’ असं शपथपत्र दिलं आणि फेरफार मंजूर झाला, तर बहिणीचा हक्क गेला? इथेच ती पहिली गोष्ट आठवा. नोंद बरोबर आहे असं कायदा गृहीत धरतो, पण ते उलटं सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली बहीण मालक असू शकते. उलट नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्रावर तिने समजून-उमजून सही केली असेल, तर मात्र हक्क खरोखर सुटतो. ‘नाव लावलं तर माहेर तुटेल’ या एका वाक्याच्या धाकाने गावागावांत किती सह्या झाल्या आहेत! म्हणून सही करण्याआधी कागद वाचायचाच: तो वारसनोंदीचा अर्ज आहे की हक्कसोडपत्र? दिसायला दोन्ही सरकारी कागद, पण पहिल्याने नाव लागतं आणि दुसऱ्याने हक्क जातो.

मराठवाड्यात कागद आणखी खोल जातो. निजामाच्या दप्तराची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. जुन्या कागदावर १३५८ दिसलं तर घाबरू नका, त्यात ५९० मिळवा, १९४८ च्या आसपास पोचाल. हैदराबाद राज्याचा हक्कनोंदणीचा नियम त्याच १३५८ फसलीचा. त्यापुढे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, इथल्या जमिनीच्या वादातला जणू मूळपुरुष: कब्जा कुणाचा, जमीन कुणाची, कूळ कोण, सगळं गावागणिक नोंदवलेलं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आजोबा गेल्यानंतर कुणाचं नाव कशाच्या आधारे लागलं, हे शोधायलाही त्याच दप्तरखान्यात उतरावं लागतं.

कोरा कागद आणि नॉमिनी

‘दादांनी मृत्युपत्र केलं होतं’ असं म्हणत कुणी कागद पुढे करतो, तेव्हा गणित थांबतं. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साधा कोरा कागद चालतो. फक्त करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. लाखोंची मिळकत फिरवणारा एवढा साधा दस्तऐवज दुसरा नाही.

पण तो सिद्ध करायचा तेव्हा लिहिणारा हजर नसतो. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५९ मध्ये एका निकालात याची कसोटी घालून दिली. सही थरथरती आहे का? ज्याला लाभ तोच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढे होता का? जवळचा वारस काही कारण न देता वगळलाय का? असा संशय असेल तर तो दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची, शंका घेणाऱ्याची नाही. म्हणून निदान एका साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं. शहाणी माणसं साक्षीदार वयाने लहान निवडतात ती उगाच नव्हे.

बँकेतल्या पैशांचं काय? ‘नॉमिनी मी आहे, म्हणजे पैसे माझे.’ हा समज मोडला तो प्रत्येक मराठी भिंतीवर ज्यांचं काम लटकतं त्यांच्या कुटुंबातल्या वादातून. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं; २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनी मालक होतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी उत्तर आलं: शेअर असोत की म्युच्युअल फंड, नॉमिनी रक्कम हाती घेतो, मालक कोण ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. बँकेतल्या ठेवींबाबत हेच तत्त्व आधीपासून आहे. नॉमिनी नसेल आणि बँक वारस दाखला मागत असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी दिवाणी न्यायालय आजही जो नियम उघडतं तो १८२७ चा आहे, एल्फिन्स्टनच्या मुंबईतला. पेशवाई जाऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा!

कोर्ट अपूर्णांक देतं

समजूत पटली नाही तर वाटणीचा दावा. त्यातही एक आश्चर्य: या दाव्याला सहसा दोन हुकूमनामे असतात. पहिल्या, प्राथमिक हुकूमनाम्यात कोर्ट फक्त सांगतं कोणाचा किती भाग. दुसऱ्यात प्रत्यक्ष तुकडे. मधल्या काळात कुणी वारलं किंवा कायदा बदलला तर भाग पुन्हा मोजले जातात. विनीता शर्मा निकालाचा फायदा चालू दाव्यांतल्या कितीतरी बहिणींना असाच पोचला.

आणि सारा भरणारी शेतजमीन असेल तर तुकडे कोर्ट पाडतच नाही. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, तिथून तहसीलला, मग भूमी अभिलेखची मोजणी येते. कोर्ट अपूर्णांक देतं, महसूल खातं जमीन देतं. निकाल लागला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना पुढचा रस्ता किती लांब आहे ते मोजणीवाला आल्यावर कळतं. तोवर शेत थोरला कसत असला तरी त्याचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. नुसती वर्षानुवर्षं नांगर धरल्याने भावाचा हिस्सा गिळता येत नाही, त्यासाठी दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारावा लागतो.

सगळे राजी असतील तर मात्र हाच रस्ता विलक्षण आखूड होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारासमोर संमतीने वाटणी होते. दावा आधीच चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करा; तिचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बळकट, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

मग राहिलं काय? राहिली खरी अडचण. प्रत्येकी चार एकर हे ठरलं, पण कोणते चार? विहिरीचे की मुरमाड? कालव्याकडचे की ओढ्यापलीकडचे? कायद्याचं गणित इथे संपतं आणि गावाचं सुरू होतं. आपल्याकडे जुनी रीत आहे: थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. वाटे पाडणारा तोलून-मापूनच पाडणार, कारण कोणता आपल्या वाट्याला येईल ते त्याला माहीत नाही!

दोघांपुरती ही रीत बिनचूक आहे. पण वाटेकरी सहा असतील तर? पोलंडचा गणिती ह्युगो श्टाइनहाउस याने १९४० च्या दशकात हाच प्रश्न गणितासमोर ठेवला. प्रत्येकाला आपला वाटा निदान न्याय्य वाटेल अशी पद्धत त्याच्या सहकाऱ्यांना सापडली. पण दुसऱ्याच्या वाट्याचा कुणालाच हेवा वाटू नये, वाटेकरी कितीही असोत, अशी पद्धत सापडायला १९९५ साल उजाडलं. ब्रॅम्स आणि टेलर या दोघांनी ती दिली आणि ती इतकी किचकट आहे, की बांधावर उभं राहून कुणी वापरणार नाही.

बांधावर लोक वापरतात ती चिठ्ठी. आधी सगळे मिळून वाटे सारखे करतात: विहीर ज्याच्याकडे, त्याला अर्धा एकर कमी, मुरमाड ज्याला, त्याला रस्त्याकडची बाजू, पाण्याची पाळी सगळ्यांची. वाटे पटले की मगच चिठ्ठ्या. हे काम न्यायाधीशाच्या हातून कधीच इतकं नीट होत नाही, कारण कोणत्या कोपऱ्यात जूनमध्ये पाणी तुंबतं ते त्याला माहीत नसतं. सहा भावंडांना ते लहानपणापासून माहीत असतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. वारस कोण ते आधी सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहा, बहिणी आणि आजीसकट. मिळकत कोणती आणि कुठून आली ते जुन्या कागदांवरून लावा. नावं चढवा. आणि वाट्यांची बोलणी वकिलाची नोटीस निघण्याआधी, सगळे दिवसकार्याला जमलेले असतानाच सुरू करा. कायद्याने आपलं काम त्या एका क्षणात पुरं केलं आहे. चार एकर कोणते, एवढंच त्याने तुमच्यावर सोडलंय.